किरकोळ गांजा प्रकरणांतील अभियोक्त्याचा विवेकाधिकार (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अल्प प्रमाणात गांजा जवळ बाळगल्याबद्दल एखाद्या व्यक्तीवर खटला भरावा की नाही, तसेच दाखल झालेला खटला पुढे चालवावा की मागे घ्यावा, हे ठरविण्याचा जो अधिकार स्थानिक सरकारी अभियोक्त्याकडे असतो, त्यास अभियोक्त्याचा विवेकाधिकार असे म्हणतात. हा अधिकार सर्वच गुन्ह्यांना लागू असला, तरी २०१० नंतर तो प्रामुख्याने गांजाच्या किरकोळ प्रकरणांत चर्चेचा विषय झाला. अनेक राज्यांत गांजा बाळगणे कायद्याने गुन्हाच होते. मात्र काही शहरांतील व काउंट्यांतील अभियोक्त्यांनी असे खटले न चालविण्याचे धोरण जाहीर केले. त्यामुळे एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, काउंटीची सीमा ओलांडताच त्याच कृत्याचा परिणाम बदलू लागला.

अभियोक्ता खटला मागे घेतो तेव्हा कायदा बदलत नाही. बदलतो तो केवळ त्या प्रकरणाचा शेवट. या विषयावरील बहुतेक न्यायालयीन व राजकीय वाद या भेदातून उद्भवले आहेत.

संज्ञा आणि पार्श्वभूमी

अमेरिकेत फौजदारी खटल्यांचा मोठा भाग राज्यांच्या कायद्यांखाली चालतो. हे खटले चालविणाऱ्या अधिकाऱ्यास राज्यानुसार डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, स्टेट्स ॲटर्नी, काउंटी प्रॉसिक्यूटर किंवा कॉमनवेल्थ्स ॲटर्नी अशी निरनिराळी नावे आहेत. प्रस्तुत लेखात या सर्वांसाठी ‘अभियोक्ता’ हा शब्द वापरला आहे. बहुतेक राज्यांत हा अधिकारी त्या त्या काउंटीतील किंवा जिल्ह्यातील मतदारांकडून निवडला जातो. न्यू जर्सी, कनेटिकट व अलास्का ही राज्ये याला अपवाद असून तेथे अभियोक्त्यांची नेमणूक होते. काही शहरांत किरकोळ गुन्ह्यांचे खटले काउंटीचा नव्हे, तर नगराचा अभियोक्ता चालवितो.

गुन्ह्यांचे ‘फेलनी’ म्हणजे गंभीर गुन्हे आणि ‘मिस्डिमीनर’ म्हणजे किरकोळ गुन्हे असे दोन मुख्य वर्ग आहेत. स्वतःच्या सेवनासाठी थोडा गांजा बाळगणे हे बहुधा दुसऱ्या वर्गात मोडते. ‘थोडा’ म्हणजे किती, याची मर्यादा मात्र राज्यागणिक वेगळी असते. टेक्सासमध्ये चार औंसांपर्यंतचा, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमपर्यंतचा साठा किरकोळ गुन्ह्यात येतो, तर न्यू जर्सीच्या पूर्वीच्या कायद्यात ही मर्यादा ५० ग्रॅम होती. न्यू जर्सीत या मर्यादेच्या आतील गांजा सापडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद व १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकत असे.

या विषयाच्या संदर्भात तीन गोष्टी वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. गांजा ‘वैध’ होणे म्हणजे कायद्याने त्याचा वापर व बहुधा विक्रीही मान्य होणे. तो ‘फौजदारी कक्षेतून वगळणे’ म्हणजे कैदेऐवजी केवळ दंडाची तरतूद करणे. हे दोन्ही निर्णय विधिमंडळाचे किंवा सार्वमताने मतदारांचे असतात. खटला न भरणे हा मात्र अभियोक्त्याचा निर्णय असून त्यामुळे मूळ गुन्हा कायद्याच्या पुस्तकात जसाच्या तसा राहतो.

कायदेशीर आधार

खटला भरण्याबाबतचा निर्णय अभियोक्त्याच्या विवेकावर सोपविण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. खटला चालवू इच्छित नसल्याचे सरकारपक्षाचे निवेदन ‘नॉली प्रॉसिक्वी’ या लॅटिन नावाने ओळखले जाते. १९७८ साली ‘बोर्डेनकर्चर विरुद्ध हेज’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे मत मांडले, की गुन्हा घडल्याचे मानण्यास पुरेसा आधार असेल, तर आरोप ठेवावा की नाही आणि कोणता ठेवावा, हा निर्णय सर्वसाधारणपणे अभियोक्त्याच्याच हाती असतो. या अधिकाराला मर्यादाही आहे. वंश, धर्म अशा अग्राह्य कारणांवरून एखाद्याला निवडून त्याच्यावरच खटला भरता येत नाही. तथापि १९९६ च्या ‘संयुक्त संस्थाने विरुद्ध आर्मस्ट्राँग’ या निकालाने असा पक्षपात सिद्ध करण्याचा निकष इतका कठोर केला, की तो आरोप व्यवहारात क्वचितच टिकतो.

खटला मागे घेण्यास न्यायालयाची संमती लागते की नाही, याबाबत एकवाक्यता नाही. संघराज्याच्या न्यायालयांत फौजदारी कार्यपद्धतीच्या नियम ४८ (अ) नुसार न्यायालयाची अनुमती आवश्यक असते. काही राज्यांत अशीच तरतूद आहे, तर मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात हा अधिकार जवळजवळ पूर्णपणे अभियोक्त्याचा मानला जातो. २०१९ साली बॉस्टनमधील एका निदर्शकावरील खटला मागे घेण्यास तेथील न्यायाधीशाने नकार दिला, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी तो नकार अधिकारबाह्य ठरविला. हे प्रकरण गांजाचे नव्हते. परंतु याच वर्षी व्हर्जिनियात झालेल्या, पुढे वर्णिलेल्या घटनेशी त्याची तुलना उद्बोधक ठरते.

विवेकाधिकाराचे प्रकार

गांजाच्या किरकोळ प्रकरणांत हा अधिकार मुख्यतः पुढील रीतींनी वापरला जातो :

आरोपच न ठेवणे : पोलिसांनी पाठविलेले प्रकरण अभियोक्त्याचे कार्यालय दाखल करून घेत नाही. आरोपीला न्यायालयात उभे राहावे लागत नाही.

दाखल खटला मागे घेणे : आरोप नोंदविल्यानंतर, परंतु निकालापूर्वी, सरकारपक्ष माघार घेतो.

अटींवर सुटका : आरोपीने ठरावीक वर्ग किंवा समाजसेवा पूर्ण केल्यास प्रकरण संपविले जाते. न्यूयॉर्क राज्यात खटला ठरावीक मुदतीपुरता तहकूब करून त्या काळात नवा गुन्हा न घडल्यास तो रद्द करण्याची कायदेशीर तरतूद आहे.

जुन्या शिक्षा रद्द करण्याची विनंती : पूर्वीच्या दोषसिद्धी रद्द कराव्यात, असा अर्ज अभियोक्ता स्वतः न्यायालयात करतो. यात अंतिम निर्णय न्यायालयाचा असतो.

यांपैकी कोणतीही गोष्ट एकेका प्रकरणाचा विचार करून करता येते किंवा सरसकट धोरण म्हणूनही जाहीर करता येते. पहिल्या पद्धतीस सहसा कोणी हरकत घेत नाही. वाद होतो तो दुसरीवर.

प्रमुख उदाहरणे

सिअ‍ॅटल : या शहराच्या मतदारांनी २००३ मध्येच गांजा बाळगण्याच्या प्रकरणांना पोलिसांनी सर्वांत कमी प्राधान्य द्यावे, असा कौल दिला होता. जानेवारी २०१० मध्ये पदभार स्वीकारलेले नगर-अभियोक्ता पीट होम्स यांनी केवळ गांजा बाळगल्याचे खटले चालविणे थांबविले. नोव्हेंबर २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी गांजा वैध केला. कायदा अमलात येण्यापूर्वीच किंग काउंटीचे अभियोक्ता डॅन सॅटरबर्ग यांनी प्रलंबित १७५ प्रकरणे मागे घेतली.

न्यूयॉर्क : न्यूयॉर्क राज्याने १९७७ मध्ये २५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगणे दंडापुरते मर्यादित केले होते, परंतु तोच गांजा सार्वजनिक जागी उघडपणे दिसल्यास तो फौजदारी गुन्हा ठरे. रस्त्यावरील झडतीत पोलिसांनी खिसे रिकामे करण्यास सांगितले, की खिशातील गांजा ‘उघड’ होई व दंडाच्या प्रकरणाचे अटकेच्या प्रकरणात रूपांतर होई, अशी टीका दीर्घकाळ होत राहिली. २०११ मध्ये न्यूयॉर्क शहरात अशा अटकांची संख्या ५०,००० च्या वर गेली. जुलै २०१४ मध्ये ब्रुकलिनचे अभियोक्ता केनेथ टॉम्प्सन यांनी, पूर्वीचा गुन्हा नसलेल्या किंवा नगण्य असलेल्या व्यक्तींवर अल्प गांजाबद्दल खटला न भरण्याचे धोरण जाहीर केले. १ ऑगस्ट २०१८ पासून मॅनहॅटनचे अभियोक्ता सायरस व्हान्स (कनिष्ठ) यांनीही गांजा बाळगण्याचे व ओढण्याचे बहुतेक खटले थांबविले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या अर्जावरून १९७८ पासूनची ३,००० हून अधिक प्रलंबित प्रकरणे रद्द झाली. न्यायालयात हजर न राहिल्याने निघालेली वॉरंटे या प्रकरणांत वर्षानुवर्षे जिवंत राहिली होती. राज्यात गांजा वैध झाला तो ३१ मार्च २०२१ रोजी.

ह्यूस्टन : टेक्सासमधील हॅरिस काउंटीच्या अभियोक्ता किम ऑग यांनी १ मार्च २०१७ पासून चार औंसांपेक्षा कमी गांजा सापडलेल्या व्यक्तीस अटक न करता चार तासांचा वर्ग व १५० डॉलर शुल्क, या अटींवर सोडण्याची योजना सुरू केली. वर्ग पूर्ण करणाऱ्याच्या नावावर अटकेची नोंदही राहत नसे.

फिलाडेल्फिया : जानेवारी २०१८ मध्ये अभियोक्ता झालेले लॅरी क्रॅस्नर यांनी पुढील महिन्यात गांजा बाळगल्याचे आरोप ठेवणे बंद केले व प्रलंबित ५१ प्रकरणे मागे घेतली.

बाल्टिमोर : जानेवारी २०१९ मध्ये अभियोक्ता मॅरिलिन मॉस्बी यांनी, प्रमाण किंवा पूर्वेतिहास न पाहता, गांजा बाळगल्याचे खटले न भरण्याचे जाहीर केले. पोलीस दलाच्या तत्कालीन हंगामी प्रमुखांनी मात्र अटका चालूच राहतील, असे सांगितले. सुमारे ५,००० जुन्या दोषसिद्धी रद्द कराव्यात, हा मॉस्बी यांचा अर्ज न्यायालयांनी मान्य केला नाही.

नॅशव्हिल : टेनेसी राज्यात गांजाबंदी कायम असताना जुलै २०२० मध्ये तेथील अभियोक्ता ग्लेन फंक यांनी अर्ध्या औंसापर्यंतच्या प्रकरणांत आरोप न ठेवण्याचा निर्णय घेतला.

न्यू जर्सीतील मार्गदर्शक सूचना

या अधिकाराची मर्यादा नेमकी कोठे आखावी, याचे स्पष्ट उत्तर देण्याचा प्रयत्न न्यू जर्सीत झाला. जुलै २०१८ मध्ये जर्सी सिटीच्या मुख्य नगर-अभियोक्त्यांनी शहरातील किरकोळ गांजा प्रकरणांत फौजदारी आरोप सौम्य करण्याचे किंवा मागे घेण्याचे धोरण जाहीर केले. राज्याचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी नगर-अभियोक्त्यास असा सरसकट अधिकार नाही, असे कळविले. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. त्यांनी राज्यभरातील अशी प्रकरणे सप्टेंबरपर्यंत तहकूब ठेवण्यास सांगितले, एक अभ्यासगट नेमला आणि ऑगस्टअखेर सर्व नगर-अभियोक्त्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या.

या सूचनांचे सार दुहेरी होते. विधिमंडळाने गुन्हा ठरविलेले कृत्य कोणताही अभियोक्ता धोरण म्हणून गुन्ह्यांच्या यादीतून वगळू शकत नाही. त्याच वेळी, प्रत्येक प्रकरणात न्यायाच्या दृष्टीने योग्य तो निर्णय घेण्याचा, आणि आवश्यक तेथे खटला मागे घेण्याची विनंती करण्याचा विवेकाधिकार त्यास आहे. दोषसिद्धीमुळे आरोपीच्या नोकरीवर, घरावर, शिक्षणावर, कुटुंबावर किंवा परदेशी नागरिक म्हणून त्याच्या वास्तव्यावर होणारा परिणाम कृत्याच्या मानाने फार मोठा आहे काय, हे त्याने पाहावे, असे त्यात सुचविले होते. पुढे नोव्हेंबर २०२० मधील सार्वमतानंतर २२ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यात गांजा वैध झाला.

व्हर्जिनियातील संघर्ष

व्हर्जिनियातील नॉरफोक शहरात हा प्रश्न अभियोक्ता व न्यायाधीश यांच्यातील संघर्षाच्या रूपाने पुढे आला. जानेवारी २०१९ मध्ये अभियोक्ता ग्रेग अंडरवुड यांनी गांजा बाळगल्याची किरकोळ प्रकरणे मागे घेण्याचे जाहीर केले. अशा प्रकरणांत कृष्णवर्णीय नागरिकांचे प्रमाण फार मोठे आहे, हे त्यांचे मुख्य कारण होते. तेथील सर्किट न्यायालयाच्या न्यायाधीशांनी या विनंत्या फेटाळल्या. सरसकट माघार म्हणजे विधिमंडळाच्या अधिकारावर अतिक्रमण होय, अशी त्यांची भूमिका होती. व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार माघारीसाठी योग्य कारण दाखवून न्यायालयाची अनुमती घ्यावी लागे. अंडरवुड यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे न्यायाधीशांना आदेश देण्याची मागणी केली. मे २०१९ मध्ये ती नाकारण्यात आली.

अखेर हा पेच विधिमंडळाने सोडविला. १ जुलै २०२० पासून अल्प गांजा फौजदारी कक्षेतून वगळला गेला व १ जुलै २०२१ पासून प्रौढांसाठी तो बाळगणे वैध झाले. २०२० च्या विशेष अधिवेशनात संमत झालेल्या आणखी एका तरतुदीनुसार, सरकारपक्षाने खटला रद्द करण्याची विनंती केल्यास व आरोपीची संमती असल्यास न्यायालयाने ती मान्य केलीच पाहिजे. लाचखोरीमुळे किंवा पीडिताविषयीच्या पूर्वग्रहामुळे विनंती झाल्याचा ठोस पुरावा असेल, तेवढाच अपवाद ठेवण्यात आला.

आरोपीवरील परिणाम

किरकोळ गांजा प्रकरणांत प्रत्यक्ष कैदेपेक्षा दोषसिद्धीचे आनुषंगिक परिणाम अधिक दूरगामी असतात. नोकरीपूर्व चौकशीत नोंद आढळते. सार्वजनिक गृहयोजनेतील घर जाऊ शकते. १९९८ च्या दुरुस्तीने अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यांच्या संघीय शिक्षणसाह्यावर निर्बंध आले होते. ते डिसेंबर २०२० मधील कायद्याने दूर करण्यात आले.

परदेशी नागरिकांसाठी, आणि म्हणून अमेरिकेत शिक्षण वा नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी भाषकांसाठीही, या विषयाचे महत्त्व वेगळे आहे. देशांतरविषयक कायदा संघराज्याचा असून त्याच्या दृष्टीने राज्यात वैध झालेला गांजाही निषिद्धच आहे. स्वतःच्या सेवनासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याच्या एकमेव गुन्ह्यामुळे हद्दपारी होत नाही, अशी सवलत कायद्यात आहे. परंतु त्याच गुन्ह्यामुळे देशात पुन्हा प्रवेश नाकारला जाऊ शकतो किंवा कायम वास्तव्याचा अर्ज अडू शकतो.

येथे खटला कोणत्या टप्प्यावर संपला, हे निर्णायक ठरते. १९९६ पासून देशांतर कायद्यातील ‘दोषसिद्धी’ची व्याख्या व्यापक आहे. आरोपीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने कोणतीही शिक्षा किंवा बंधन घातले, तर अटी पूर्ण केल्यावर राज्याच्या न्यायालयाने प्रकरण रद्द केले, तरी देशांतर अधिकाऱ्यांच्या लेखी ती दोषसिद्धीच राहते. अभियोक्त्याने मुळात आरोपच ठेवला नाही किंवा कबुलीपूर्वी माघार घेतली, तर हा प्रश्न उद्भवत नाही. म्हणजे नागरिकाला समान वाटणाऱ्या दोन सवलतींपैकी एक परदेशी विद्यार्थ्यास वाचविते आणि दुसरी वाचवीत नाही.

समर्थन

समर्थकांचा पहिला मुद्दा साधनसंपत्तीचा आहे. पोलीस, प्रयोगशाळा व न्यायालये यांचा वेळ मर्यादित असल्याने तो हिंसक गुन्ह्यांकडे वळवावा, असे ते म्हणतात. दुसरा मुद्दा वांशिक विषमतेचा आहे. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०१३ च्या अहवालानुसार, गांजासेवनाचे प्रमाण जवळपास सारखे असूनही कृष्णवर्णीय व्यक्तीस गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता श्वेतवर्णीयाच्या ३.७३ पट होती. २०२० च्या अहवालात हा आकडा ३.६४ पट होता.

तिसरा मुद्दा पुनरपराधाचा आहे. बॉस्टन शहर ज्या सफोक काउंटीत येते, तेथील २००४ ते २०१८ या काळातील अहिंसक किरकोळ गुन्ह्यांचा अभ्यास अमांडा एगन, जेनिफर डोलिअ‍ॅक व ॲना हार्वी यांनी केला. खटला भरावा की नाही अशा सीमारेषेवरील प्रकरणांत, ज्यांच्यावर तो भरला गेला नाही, त्यांच्याविरुद्ध पुढील दोन वर्षांत नवी फौजदारी तक्रार येण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी कमी आढळली. हा अभ्यास केवळ गांजाचा नव्हता, हे त्याचा आधार घेताना ध्यानी ठेवावे लागते.

टीका

पहिला आक्षेप सत्ताविभाजनाचा आहे. कायदा करणे व रद्द करणे हे विधिमंडळाचे काम असून एका अधिकाऱ्याने संपूर्ण कलम निष्प्रभ करणे लोकशाहीस धरून नाही, असे टीकाकार मानतात. अभियोक्ताही लोकनिर्वाचित असतो व आपले धोरण मतदारांपुढे मांडूनच निवडून येतो, असे त्यावर समर्थकांचे उत्तर असते.

दुसरा आक्षेप विषमतेचा आहे. एका काउंटीत ज्या कृत्याची नोंदही होत नाही, त्याच कृत्यासाठी शेजारच्या काउंटीत कैद होऊ शकते. तिसरा आक्षेप सुधारणेची बाजू घेणाऱ्यांकडूनही येतो : ही सवलत टिकाऊ नसते. निवडणुकीत अभियोक्ता बदलला, की धोरण बदलू शकते. शिवाय पोलिसांवर ते बंधनकारक नसल्याने अटक, झडती व कोठडीतील रात्र टळेलच, असे नाही. ज्याच्यावर पुढे खटलाच होणार नाही, अशा माणसालाही अटकेची नोंद चिकटते.

राज्य शासनांचा प्रतिसाद

काही राज्यांनी सरसकट धोरणांना आळा घालणारे कायदे केले. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२३ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार, विशिष्ट प्रकारचे गुन्हे न चालविण्याचे धोरण स्वीकारणे हे अभियोक्त्यास पदावरून दूर करण्याचे कारण ठरू शकते. जॉर्जियाने २०२३ मध्ये अभियोक्त्यांवर कारवाई करू शकणारा आयोग स्थापन करण्याचा कायदा केला. हे कायदे गांजापुरते नसले, तरी त्यांच्या कक्षेत तोही येतो.

टेक्सासमध्ये तत्पूर्वी एक अनपेक्षित घटना घडली होती. जून २०१९ मध्ये औद्योगिक भांगेची लागवड वैध करताना तिची व्याख्या टीएचसी या मादक द्रव्याच्या ०.३ टक्के मर्यादेवर बेतली गेली. त्यामुळे जप्त केलेली वनस्पती गांजाच आहे, हे सिद्ध करण्यास टीएचसीचे प्रमाण मोजणारी चाचणी आवश्यक झाली. तशी सोय नसल्याने अनेक अभियोक्त्यांनी प्रलंबित खटले मागे घेतले. गांजा अजूनही बेकायदेशीरच आहे, असे राज्यपालांना अभियोक्त्यांना पत्र लिहून कळवावे लागले.

संघराज्याची भूमिका

संघराज्याच्या कायद्याखालीही अभियोक्त्यांचा विवेक महत्त्वाचा ठरला. ऑगस्ट २०१३ मध्ये न्याय खात्याने ‘कोल निवेदन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूचनांद्वारे, गांजा वैध केलेल्या राज्यांत संघीय खटल्यांचा प्राधान्यक्रम मर्यादित केला. जानेवारी २०१८ मध्ये ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी त्या मागे घेतल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी संघीय कायद्याखाली केवळ गांजा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्यांना क्षमादान दिले. राज्यांच्या कायद्याखालील शिक्षांना ते लागू नव्हते.

भारताशी तुलना

भारतात सरकारी अभियोक्ता निवडून येत नाही; त्याची नेमणूक शासन करते. दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात. खटल्यातून माघार घेण्याचा अधिकार सरकारी अभियोक्त्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३६० अन्वये आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होता. त्यासाठी न्यायालयाची संमती अनिवार्य असते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार गांजाचे ‘अल्प प्रमाण’ एक किलोग्रॅमपर्यंत असून त्यासाठी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार पूर्ण केल्यास तिला खटल्यातून संरक्षण देणारी तरतूद याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. अमेरिकेत जे अभियोक्त्याच्या धोरणावर सोपविले गेले, त्याचा काही भाग भारतात अशा प्रकारे कायद्यातच नमूद आहे.

हेही पाहा

गांजा
अमेरिकेची न्यायव्यवस्था
अमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५
सत्ताविभाजन
सरकारी वकील